टर्बो मोठा घ्यायचाय? आधी ऑइलचं, घाटाचं आणि पेट्रोलचं बोलू

या वेळच्या टपालात निम्म्याच्या वर प्रश्न टर्बोचेच निघाले, म्हणून अख्खा कॉलम त्यालाच देतोय. नवख्यांसाठी: टर्बो म्हणजे एकाच शाफ्टवरची दोन चाकं, एक्झॉस्टच्या वायूने टर्बाइन फिरतं आणि पलीकडचा कॉम्प्रेसर इंजिनात जास्त हवा कोंबतो, त्या जास्तीच्या दाबाला बूस्ट म्हणतात. जवळपास सगळ्यांनी विचारलंय की कुठला टर्बो घेऊ, आणि माझी उत्तरं बरीचशी टर्बोच्या आजूबाजूच्या गोष्टींची आहेत, त्याला इलाज नाही. किमती मुद्दाम लिहीत नाही, हा अंक तुमच्या हातात पडेपर्यंत त्या बदललेल्या असतात.

प्रश्न: नमस्कार दादा. माझ्याकडे जुनी ऑक्टेविया आरएस आहे, १.८ टर्बो, पुण्यात रोज वापरतो. रिमॅप (ईसीयूचा, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम बदलणं) झालाय, डाउनपाइप (टर्बोमागचा मोकळा एक्झॉस्ट पाइप) आहे. आता २८० हॉर्सपॉवर पाहिजेत. एक मित्र म्हणतो के-०४ टाक, दुसरा म्हणतो डायरेक्ट गॅरेट कंपनीचा जीटी २८६० आरएस टाक, एकदाच काय ते होऊन जाऊ दे. तुम्ही काय सांगाल? (एक वाचक, पिंपरी)

पहिलं म्हणजे गाडी विकू नका, संभाजीनगरच्या शेंद्र्याच्या कारखान्यात जोडलेल्या या गाड्या आता चांगल्या स्थितीत सापडत नाहीत. कंपनीतून ती १५० पीएसची (हॉर्सपॉवरच धरा) यायची, तुमच्या रिमॅपवर १८०-१९० च्या आसपास असेल. मित्रांना थोडं बाजूला ठेवा, आपण हिशोब करू, कारण टर्बो नावावरून घ्यायचा नसतो, हवेवरून घ्यायचा असतो.

इंजिन १७८१ सीसी. फोर स्ट्रोक म्हणजे दोन फेऱ्यांत एकदा श्वास, म्हणजे एका फेरीला ०.८९ लिटर. ६५०० आरपीएमला मिनिटाला साधारण ५७९० लिटर, त्यातलं ९५ टक्के भरतं धरलं तर ५५०० लिटर. आता १.२ बार बूस्ट, म्हणजे मॅनिफोल्डमधे (इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपांत) एकूण दाब २.२ बार, आणि इंटरकूलरनंतर (दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीनंतर) हवा ५० डिग्रीला आली असं धरू (पुण्यात मे महिन्यात यापेक्षा थंड मिळेल अशी आशा ठेवू नका), तर एका घनमीटर हवेचं वजन होतं २.३७ किलो. गुणाकार केला की मिनिटाला १३ किलो, टर्बोवाल्यांच्या भाषेत २९ पौंड प्रति मिनिट. मिनिटाला एक पौंड हवा म्हणजे ढोबळमानाने साडेनऊ ते साडेदहा घोडे. म्हणजे तुमचे २८० इथे बसतात, क्रँकला हां, चाकावर नाही.

आता तुमच्या गाडीवर मुळात असलेला टर्बो के-०३, तो वीस पौंडांच्या आसपासच धापा टाकायला लागतो, त्याला अजून बूस्ट मागितलं तर तो हवा कमी आणि उष्णता जास्त देतो. त्यामुळे के-०३ वर तिसऱ्यांदा रिमॅप मारून २८० निघतील असं जो सांगेल त्याला चहा पाजून घरी पाठवा. के-०४ म्हणताना कुठला के-०४ ते मित्राला विचारा, कारण एक छोटा बोल्ट-ऑन आहे जो तुमच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर सरळ बसतो पण फरक थोडाच पडतो, आणि दुसरा तो जो ऑडी टीटी आणि पहिल्या एस-३ ला कंपनीतूनच यायचा, २२५ घोड्यांच्या इंजिनावर. हा दुसरा घेतला तर मॅनिफोल्ड, पाइपिंग, ऑइल-पाण्याच्या लायनी सगळंच बदलतं, पण व्यवस्थित ट्यून केला की अडीचशेच्या आसपास आरामात जातो. जीटी २८६० आरएस मात्र तुमचे २९ पौंड न घामाघूम होता देतो, अजून वरही जागा शिल्लक ठेवतो.

मग तोच घ्या असं का सांगत नाही? घाट सांगतो. कॉम्प्रेसरच्या नकाशावर (टर्बो किती दाबाला किती हवा देतो त्याचा आलेख) उभ्या अक्षावर असतो प्रेशर रेशो, म्हणजे बाहेर जाणारा दाब भागिले आत येणारा दाब, दोन्ही अॅब्सोल्यूट, म्हणजे शून्यापासून मोजलेले. मुंबईत समुद्रसपाटीला इंटरकूलरचा आणि फिल्टरचा तोटा धरून तुमच्या १.२ बारला रेशो येतो २.३५ च्या आसपास. पुण्यात हवेचा दाबच ०.९५ बारला उतरलेला असतो, तिथे तोच बूस्ट द्यायला रेशो अडीच लागतो. महाबळेश्वरला, साडेतेराशे मीटरवर, पावणेतीन. गेजवर काटा तोच दिसतो, मॅनिफोल्डमधला दाब ईसीयू धरून ठेवतो, पण टर्बो मात्र जास्त जोरात फिरतोय आणि त्याच्या डोक्यावरची मर्यादा जवळ येतेय हे तुम्हाला ड्रायव्हिंग सीटवरून कळत नाही. पसरणीचा घाट चढताना तिसऱ्या गिअरमधे पाय पूर्ण दाबून जाणारे छोटे टर्बो अशाच वेगाने मरतात. म्हणून नकाशा बघताना मुंबईचा बिंदू टाकू नका, तुमच्या रोजच्या सर्वांत उंच रस्त्याचा टाका. आणि डावीकडे सर्जची रेष आहे ती पण बघा, टर्बो फार मोठा घेतला तर कमी आरपीएमला बूस्ट मागताना बिंदू त्या रेषेपलीकडे जातो आणि हवा उलटी धडका मारायला लागते.

टर्बाइन हाउसिंगचा (चाकाभोवतीच्या शंखाचा) ए/आर, म्हणजे त्या शंखाच्या वाटेचं माप, हा दुसरा भाग. जीटी २८ च्या घरात ०.६४ आणि ०.८६ असे दोन मिळतात, आकडा मोठा म्हणजे वरच्या आरपीएमला मोकळा श्वास आणि खाली झोप. तुमच्या १.८ ला ०.६४ च घ्या, तरीही पूर्ण बूस्ट साडेतीन हजाराच्या पुढेच येणार. सध्याचा के-०३ दोन हजाराला जागा होतो. चांदणी चौक ते हिंजवडी दुसऱ्या गिअरमधे सरकणाऱ्या माणसाला या फरकाचा रोज राग येईल, एवढंच सांगतो.

आणि खर्च टर्बोपाशी थांबत नाही. २८० घोड्यांना पेट्रोल लागतं, ते फवारणाऱ्या चार इंजेक्टरवर वाटलं की प्रत्येकी मिनिटाला ५०० सीसीच्या वर, आणि तुमचे मूळ इंजेक्टर त्याच्या साठ-पासष्ट टक्केच आहेत. त्यात आता पंपावर ई-२० (वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल) मिळतं, त्यातल्या इथेनॉलमुळे शुद्ध पेट्रोलपेक्षा आठ-नऊ टक्के जास्त इंधन सोडावं लागतं, म्हणून ५५० सीसी धरून चाला, आणि पंपही बघा. इथेनॉलचा एक फायदाही आहे, नॉकला (मिश्रण अवेळी पेटून बसणाऱ्या ठोक्याला) ते चांगलं विरोध करतं आणि आत जाणारं मिश्रण थंड ठेवतं. पण वीस वर्षांच्या गाडीच्या रबरी होजा त्याच्यासाठी बनलेल्या नाहीत, त्या आधी बदला, इंजिन बे मधे पेट्रोल गळणं आणि शेजारी लाल झालेला टर्बो हे कॉम्बिनेशन मला नको. कनेक्टिंग रॉड (पिस्टन आणि क्रँक जोडणारे) साधारण ४०० न्यूटन मीटर टॉर्कपर्यंतच भरवशाचे, त्यापुढे खालून फोर्ज्ड रॉड. क्लच तर आत्ताच कुरकुरत असेल.

माझं मत विचारलंत म्हणून सांगतो: रोजची गाडी आहे, टीटीवाला के-०४ घ्या, मोठा इंटरकूलर लावा, २४०-२५० वर थांबा. रॉड वाचतात, गाडी खालून खेचते. जीटी २८ तेव्हा घ्या जेव्हा इंजिन खालून उघडायची तयारी असेल आणि ऑफिसला जायला दुसरी गाडी असेल.

प्रश्न: लॉरा १.८ टीएसआय आहे, स्टेज वन (नुसता रिमॅप). शिट्टीचा आवाज वाढला म्हणून टर्बो उतरवला. फॅन हातात धरला की हलतो. गॅरेजवाले म्हणतात रिपेअर किट टाकू, स्वस्तात होईल, दुसरे म्हणतात कोअर (शाफ्ट, चाकं आणि बेअरिंगचा मधला भाग) बदला, तिसरे म्हणतात नवाच घ्या. खरं कोणाचं? (एक वाचक, कोल्हापूर)

तिघांचंही खरं असू शकतं, उघडल्याशिवाय कळत नाही. पण आधी तो "हलतो" म्हणजे नेमका कसा हलतो ते बघा. शाफ्टचं टोक बोटांत धरून वरखाली हलवलं तर जर्नल बेअरिंगच्या टर्बोत थोडं हललंच पाहिजे, कारण आतलं पितळी बुश ऑइलच्या पातळ थरावर तरंगतं, आतूनही ऑइल आणि बाहेरूनही, इंजिन बंद असताना तो थर नसतो. म्हणजे तुमचा टर्बो गेला असं त्यावरून सिद्ध होत नाही. आता तोच शाफ्ट पुढेमागे ढकला आणि ओढा. इथे टक् टक् जाणवलं की संपलं, हा प्ले डायल गेज लावून मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आत असायला हवा, चांगल्या टर्बोत हाताला जवळपास काहीच लागत नाही. मग वरखाली हलवताना चाकाची पाती हाउसिंगला टेकतात का बघा, टेकली असतील तर अॅल्युमिनियमवर चकचकीत चंद्रकोर उमटलेली दिसेल.

उघडताना एक काम करा जे घाईत कोणीच करत नाही. दोन्ही हाउसिंग कोअरवर कुठल्या कोनात बसल्यात त्यावर खूण करा, आणि कॉम्प्रेसर चाक, नट आणि शाफ्टचं टोक यांवर एकच रेघ ओढा. हे सगळं एकत्र बॅलन्स केलेलं असतं, चाक अर्धी फेरी फिरून बसलं तरी बॅलन्स गेला. नट खोलायच्या आधी आटे उलटे आहेत का बघा, बऱ्याच टर्बोंना डाव्या आट्याचा नट असतो, जोर लावून शाफ्टच मोडलेली उदाहरणं बघितलीत. नट खोलताना टर्बाइनच्या बाजूला सॉकेटने धरायचं, पाती पकडीत धरायची नाहीत.

आता टेबलावर पसरलं की कारण शोधा, किट नंतर. थ्रस्ट बेअरिंगवर (शाफ्टला पुढेमागे सरकू न देणाऱ्या) आणि शाफ्टच्या जर्नलवर (बुशमधे फिरणाऱ्या भागावर) बारीक समांतर रेघा असतील तर ऑइलमधून कचरा गेलाय. शाफ्ट निळसर-जांभळा झाला असेल आणि पितळ पुसल्यासारखं ओढलं गेलं असेल तर ऑइलच मिळालं नाही. कॉम्प्रेसरच्या पातीच्या पुढच्या कडा करवतीसारख्या असतील तर फिल्टरच्या वाटेने माती गेलीय, तो कोनवाला चमकदार एअर फिल्टर आठवा. टर्बाइनची पाती कोपऱ्याला तुटलेली असतील तर इंजिनातून काहीतरी आलंय, स्पार्क प्लगचा तुकडा किंवा अजून काही, आणि ते शोधल्याशिवाय नवा टर्बो लावला तर तोही आठवड्यात तसाच होणार.

किट केव्हा चालतं? शाफ्टचा जर्नल मायक्रोमीटरने मापात असेल, बेअरिंग हाउसिंगचं बोअर घासलेलं नसेल, आणि टर्बाइनकडची पिस्टन रिंग बसायची खाच रुंद झाली नसेल तर. ही खाच सगळे विसरतात. नवी रिंग रुंद खाचेत टाकली की ती डुगडुगते आणि दोन महिन्यांत धूर. टर्बाइन चाक शाफ्टला वेल्ड केलेलं एकच अंग असतं, त्यामुळे खाच गेली म्हणजे अख्खा शाफ्ट गेला. तुमच्याकडे शिरोलीला, गोकुळ शिरगावला एकापेक्षा एक मशीनशॉप आहेत, कोणीतरी म्हणेल की शाफ्ट ग्राइंड करून देतो, बुश लेथवर काढून देतो. हात जोडून सांगतो, नको. हे काम दीड-दोन लाख आरपीएमला फिरणार आहे, तिथे मायक्रॉनचा हिशोब चालतो.

आणि किट टाका किंवा काहीही, बॅलन्सिंगशिवाय बसवू नका. आधी शाफ्ट आणि चाक वेगळे बॅलन्स, आणि मग पूर्ण कोअर जोडून वेगात फिरवणाऱ्या मशीनवर, त्याला व्हीएसआर म्हणतात, ऑइल देत फिरवतात आणि कंपनाचा आलेख काढतात. तो आलेख मागा. "आमच्याकडे मशीन आहे" एवढ्यावर समाधान मानू नका, तुमच्या कोअरचा कागद मागा. तुमची शिट्टी बहुतेक बॅलन्स बिघडल्याचीच आहे, किंवा बूस्टचा पाइप कुठेतरी फुंकतोय, तेही आधी बघायला हवं होतं पण आता टर्बो टेबलावरच आहे.

तुमच्या लॉरात टर्बाइन हाउसिंग आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड एकाच ओतीव भागात आहे, म्हणून पूर्ण नवा टर्बो महाग पडतो. वेस्टगेटच्या (जास्तीचा एक्झॉस्ट टर्बाइनला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेच्या) भोकाजवळ केसाएवढी चीर दिसेल, ती जवळपास सगळ्या जुन्यांत असते, छोटी असेल आणि आरपार नसेल तर घाबरू नका. वेस्टगेटच्या झडपेचा खटका बुशमधे ढिला झाला असेल तर मात्र हाउसिंग दुरुस्त करून घ्या, नाहीतर नव्या कोअरवरही बूस्ट पूर्ण येणार नाही आणि थंड इंजिनाला पत्र्यासारखा खडखडाट ऐकू येईल. स्टेज वन आहे, वर जायचा विचार नसेल तर चांगल्या मेकचा बॅलन्स केलेला नवा कोअर, तुमचंच हाउसिंग. बूस्ट वाढवायचं डोक्यात असेल तर ३६० अंशांचं थ्रस्ट बेअरिंग असलेला कोअर घ्या, जुन्यात थ्रस्टचा आधार पूर्ण वर्तुळभर नसतो आणि जास्त बूस्टला आधी तोच मरतो.

ऑइल फीडचा पाइप नवा टाका. साफ करून जुना नको. एक्झॉस्टच्या शेजारून जाणाऱ्या या पाइपात ऑइल जळून आतून कोळसा धरतं, बाहेरून पाइप नवाकोरा दिसतो आणि आत पेन्सिलीच्या शिशाएवढी वाट उरलेली असते. ही टीएसआय इंजिनं तशीही ऑइल पितात, त्यामुळे डिपस्टिक दर पेट्रोलला काढायची सवय लावा.

प्रश्न: लिनिया टी-जेट. टर्बो रिबिल्ड केला, बॅलन्सिंगचा रिपोर्टही आहे. तरी सिग्नलला उभं राहिलं की दोन मिनिटांनी मागून निळा धूर, निघालो की बंद. गॅरेजवाला म्हणतो किट डुप्लिकेट निघालं, परत टर्बो उतरवू. (एक वाचक, नाशिक)

उतरवू देऊ नका, थांबा. टर्बोत रबरी ऑइल सील नसतंच. शाफ्टच्या दोन टोकांना पिस्टनसारख्या बारीक रिंगा असतात, आणि त्या ऑइल अडवतात त्यापेक्षा जास्त काम दोन्ही चाकांमागचा वायूचा दाब करतो, तो ऑइलला आत ढकलून ठेवतो. आयडलला हा दाब सर्वांत कमी. त्या वेळी मधल्या खोलीत ऑइल साचलं तर ते रिंगेच्या फटीतून बाहेर येणारच, रिंग नवी असो की जुनी, आणि गाडी निघाली, दाब वाढला, धूर बंद. तुम्ही लिहिलेलं लक्षण अगदी हेच आहे.

मग ऑइल का साचतंय? तीनच जागा. एक, खाली जाणारा ड्रेन पाइप. टर्बोतून बाहेर येणारं ऑइल फेसासारखं असतं आणि फक्त स्वतःच्या वजनाने खाली उतरतं, पंप नाही, म्हणून पाइप रुंद, वाकडेतिकडेपणा नसलेला आणि संपमधल्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीतल्या) ऑइलच्या पातळीच्या वर उघडणारा पाहिजे, टर्बो स्वतःही उभ्या रेषेपासून फार कलता नको, ३५ अंशांच्या आतच. पाइप उतरवून टॉर्च मारा, रिबिल्डच्या वेळी गॅस्केटच्या जागी सिलिकॉन लावलं असेल तर तो आत फुगून अर्धं भोक बंद करतो, हे मी टी-जेटमधेच नाही, सगळ्यांत बघतो. फीडच्या बाजूलाही सिलिकॉन नको, तिकडे तुकडा सुटला तर बेअरिंगचं भोकच बंद. दोन, ब्रीदर. क्रँककेसमधला (इंजिनाच्या पोटातला) दाब त्यातून बाहेर पडत नसेल तर ड्रेनमधून ऑइलला खाली यायला वाटच नाही. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढून नुसतं भोकावर ठेवा, ते थुईथुई नाचायला लागलं किंवा फेकलं गेलं तर ब्रीदर नाहीतर पिस्टन रिंगा बघा. तीन, ऑइल जास्त भरलंय, हसू नका, होतं.

रांजणगावला बनलेल्या या ११४ पीएसच्या गाड्यांचं इंजिन दणकट आहे, नंतर १४५ पीएसच्या अबार्थ पुंटोतही त्याच घराण्याचं इंजिन आलं. एवढ्यासाठी टर्बो दुसऱ्यांदा उतरवणं म्हणजे ताप आला की थर्मामीटर बदलणं.

प्रश्न: स्विफ्ट डिझेल ७५ पीएसची. अर्टिगाचा ९० पीएसवाला टर्बो बसतो म्हणतात. घालू का? रिमॅपनंतर काळा धूर येतोय तोही जाईल का? (एक वाचक, फोंडा)

काळा धूर म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी, आणि रिमॅप करणाऱ्याने डिझेल सोडलंय हवा बघितली नाही. आधी त्याला परत गाठा. तुमचा टर्बो साधा, ठराविक हाउसिंगचा, आणि ९० वाल्याला फिरत्या पात्या म्हणजे व्हीजीटी. तो बसवायचा म्हणजे नुसता टर्बो नाही, पात्या हलवणारा अॅक्च्युएटर, त्याचा व्हॅक्यूम सोलेनॉइड आणि ते चालवणारं ईसीयूचं कॅलिब्रेशन, सगळंच पाहिजे. जे नुसता टर्बो टाकून पात्या एका जागी बांधून देतात त्यांच्याकडे जाऊ नका. सेकंडहँड व्हीजीटी घेताना हाताने अॅक्च्युएटरचा दांडा पूर्ण हलतो का बघा, काजळीने पात्या अडकलेल्या असतात. खरं सांगू का, फोंड्याहून पणजीला जायला ७५ पीएस पुरतात, इंटरकूलर साफ करा आणि धूर बंद होईल एवढाच रिमॅप ठेवा.

प्रश्न: गॅरेटचा जीटी २८ ऑनलाइन निम्म्या किमतीत दिसतोय, सेम नंबर, सेम बॉक्स. घेऊ का? शिवाय बॉल बेअरिंगच्या टर्बोला रेस्ट्रिक्टर (ऑइलच्या वाटेतला बारीक भोकाचा अडथळा) लागतो का नाही यावर दोन गॅरेजवाल्यांची भांडणं झाली. (एक वाचक, नवी मुंबई)

निम्म्या किमतीत तो नाहीये, त्याच्या वेषातला कोणीतरी आहे. बऱ्याच नकलांत बॉल बेअरिंग लिहिलेलं असतं आणि आत साधं जर्नल निघतं. ओळखायची सोपी खूण म्हणजे फिरवून बघणं, खरा बॉल बेअरिंग बोटाने फिरवला की बऱ्यापैकी फिरत राहतो आणि शाफ्ट हलवला तर जवळपास हलतच नाही. पण विकत घेतल्यावर कळून उपयोग काय, त्यामुळे अधिकृत विक्रेत्याकडून बिलासकट घ्या.

भांडणात दोघंही बरोबर असतील, वेगवेगळ्या टर्बोंबद्दल बोलत असतील. बॉल बेअरिंगला ऑइल कमी लागतं, जास्त दाब दिला तर ते तुडुंब भरून रिंगेतून बाहेर येतं. गॅरेट सांगते की वरच्या आरपीएमला टर्बोच्या तोंडाशी ऑइलचा दाब ४० ते ४५ पीएसआय असावा, आणि त्यासाठी बहुतेक गाड्यांत एक मिलिमीटरच्या आसपास भोकाचा रेस्ट्रिक्टर लागतो. जर्नल बेअरिंगला भरपूर ऑइल पाहिजे, त्याला रेस्ट्रिक्टर सहसा नाही. तुमचा बॉल बेअरिंग समजून नकली जर्नल टर्बोला एक मिलिमीटरचा रेस्ट्रिक्टर लावला की काय होईल ते वरच्या कोल्हापूरच्या उत्तरात निळ्या शाफ्टपाशी लिहिलंय.

बसवल्यावर पहिल्यांदा स्टार्ट करताना चावी मारून लगेच रेस नको. टर्बोच्या फीडमधे स्वच्छ ऑइल ओता, चाक हाताने फिरवा, मग इग्निशन कॉइल आणि इंजेक्टरचे सॉकेट काढून स्टार्टरवर थोडं थोडं फिरवत राहा, ऑइलचा लाल दिवा जाईपर्यंत. मगच सगळं जोडा, चालू करा आणि काही मिनिटं आयडलला ठेवून कुठे गळतंय का बघा. जुनं ऑइल आणि जुना फिल्टर ठेवून नवा टर्बो बसवणारे लोक आहेत, त्यांना काय बोलणार.

प्रश्न: टर्बो टायमर (चावी काढल्यावरही इंजिन थोडा वेळ चालू ठेवणारा) बसवावा का? (एक वाचक, चिपळूण)

पाण्याने थंड होणारा टर्बो असेल तर गरज नाही. कुंभार्ली घाट चढून गेलात तर थांबण्याआधीचे दोन-तीन किलोमीटर हळू चालवा, थांबल्यावर अर्धा मिनिट आयडल, बस.

प्रश्न: मी स्टुटगार्टला नोकरीला आहे. इथे गॉल्फ जीटीआयला मोठा टर्बो टाकायचा म्हटलं तर टीयूव्हीकडे (गाड्या तपासणाऱ्या संस्थेकडे) नोंद करावी लागते, नाहीतर गाडीची परवानगीच रद्द होते. भारतात लोक बिनधास्त टाकतात. तिकडे नियमच नाहीत का? (एक वाचक, जर्मनी)

नियम आहेत. मोटार वाहन कायद्याचं गाडीतल्या फेरफारांबद्दलचं कलम ५२ आहे, आणि जानेवारी २०१९ मधे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की उत्पादकाच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा फेरफार चालणार नाही. तुमच्याकडे निदान इंजिनिअर तपासून कागदावर चढवून देतो, इथे टर्बो बदलून कागदावर चढवायची तशी सरळ वाट नाही, आणि अपघातात विमा कंपनी हेच आधी शोधते. मी या कॉलममधे टर्बोचं तंत्र सांगतो, पण २५० घोड्यांची गाडी ट्रॅकवर न्या, कोइम्बतूरचं कारी आहे, नोएडाकडचं बुद्ध आहे. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे नको. जर्मनीत तुम्ही कागद आधी करा, टर्बो नंतर, कारण टीयूव्हीवाला ब्रेक आणि एमिशन दोन्ही विचारणार.

प्रश्न: काका, पोलो जीटी टीएसआयला ब्लो-ऑफ वाल्व लावला तर तो फुस्स आवाज येईल ना? पॉवर किती वाढेल? (एक वाचक, वय १९, सातारा)

पॉवर शून्य. कंपनीचा वाल्व अॅक्सिलरेटर सोडल्यावरची हवा परत टर्बोच्या तोंडात सोडतो. ती तू बाहेर सोडायचं म्हणतोयस. ज्या गाड्यांत एअर मास सेन्सर असतो त्यात मोजलेली हवा बाहेर गेली की ईसीयू तिच्यासाठीही पेट्रोल सोडतो आणि प्रत्येक गिअर बदलताना मिश्रण रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. तुझ्या पोलोत हवेचा हिशोब प्रेशर सेन्सरवरून होतो त्यामुळे तेवढा गोंधळ होणार नाही, पण स्वस्तातला वाल्व दोन महिन्यांनी गळायला लागतो आणि मग बूस्टच कमी. त्यापेक्षा बाबांना सांगून एअर फिल्टर आणि स्पार्क प्लग बदल, आणि डायव्हर्टर वाल्वचा (तोच कंपनीचा वाल्व) पडदा फाटलाय का ते एकदा बघून घे.